वळणावरची हाक

हा प्रवास मी फार वर्षांपूर्वी करायला हवा होता. केला नाही, आणि का केला नाही हेही कुणाला सांगितलं नाही. बायको म्हणायची, "तुमच्या त्या वसईच्या ड्रायव्हरकडे एकदा जाऊन येऊ. किती जीव लावला होता त्यांनी तुम्हाला." नोकरीत होतो तोवर मी म्हणायचो, रजा मिळत नाही. निवृत्त झाल्यावर म्हणायचो, गुडघे दुखतात. ती गेली, गुडघे राहिले. या जानेवारीत मुलीकडे विरारला गेलो आणि अखेर तिथून पुढे गेलो. वसईच्या बागा आणि खाणंपिणं यांच्यासाठी कुणी हे वाचायला घेतलं असेल, तर तेही यात थोडं आहे. पण गेलो होतो त्यासाठी नाही.

मी भुसावळचा. रेल्वेत आधी सहायक ड्रायव्हर होतो, नंतर ड्रायव्हर झालो आणि हार घालून घेऊन घरी आलो. गाडीचं मी काही सांगत नाही. आयुष्यभर गाडीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या माणसाला मागच्या डब्यात बसून सांगण्यासारखं काही दिसत नाही.

चंदनसार

वैशाली, माझी मुलगी, विरार पूर्वेला चंदनसारला राहते. तिच्या बाल्कनीतून एका बाजूला जीवदानीचा डोंगर दिसतो आणि बाकी तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या बाल्कन्या. आमच्याकडे जानेवारीत अंगावर शाल लागते आणि ओठ फुटतात. इथे हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. लिफ्ट बंद होती. पाचव्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा बोलायला दम नव्हता, ते बरंच झालं, कारण वैशालीने पहिलाच प्रश्न विचारला, "आबा, या वेळी स्वतःहून कसे आलात?"

"एका जुन्या ड्रायव्हरला भेटायचंय. वसईला."

"कोण ते?"

"तू लहान होतीस."

संध्याकाळी शेजारचा मंदार आला. मूळ कणकवलीचा, इथे लोकल चालवतो. वैशालीने ओळख करून दिली, "आबा, हे तुमच्याच बिरादरीतले."

"कुठे ओ," मंदार म्हणाला. "काकांच्या वेळी इंजिन ड्रायव्हरचं ऐकायचं. आता आम्ही इंजिनाचं ऐकतो."

मला राहवलं नाही. नव्या यंत्रांबद्दल विचारत बसलो. तो हौसेने सांगत होता. लोकलची मूठ दाबून धरावी लागते, सोडली की ब्रेक लागतो. म्हणजे चालवणारा जागच्या जागी गेला तरी गाडी थांबते. हे मला ठाऊक होतं. लांबच्या इंजिनात मिनिटभर कशाला हात लावला नाही की दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, मग गाडी आपली आपण थांबते.

"जागा आहेस का, जागा आहेस का, दिवसभर तेच. माझी बायको पण एवढं विचारत नाय," मंदार म्हणाला.

"विचारून काय उपयोग?" त्याची बायको दारात वाटी घेऊन उभी होती. "घरी आल्यावर भोंगा वाजला तरी उठत नाही हा माणूस."

मग त्याने 'कवच' नावाच्या नव्या यंत्रणेचं सांगितलं. ते बसवलं की पुढचा सिग्नल ड्रायव्हरसमोर पडद्यावर उमटतो. मध्ये वळण असो, धुकं असो. लाल असताना गाडी पुढे निघाली तर यंत्रच ब्रेक लावतं.

"म्हणजे कुणी कुणाला सांगायची गरज उरत नाही," मी म्हणालो.

"नियम आहे अजून. सिग्नल दिसला की हात करायचा, मोठ्याने बोलायचं. मी केबिनमध्ये एकटा, तरी बोलतो. आणि ड्युटीवर येताना मशीनमध्ये फुंकायचं. आमच्यात एक आहेत, आयुष्यात सोडासुद्धा प्यायले नाहीत, ते पण फुंकतात. मशीन काय तोंड बघून ठरवत नाय ना."

मी चहाचा कप खाली ठेवला. वैशालीने विचारलं, साखर जास्त झाली का? मी हो म्हणालो.

रेल्वेची यंत्रं कुणाच्या हुशारीतून येतात त्याहून जास्त कुणाच्या तरी चुकीतून येतात. उजळणीच्या वर्गात आम्हाला ते शिकवत. फिरोजाबादला एक गाडी नीलगाय आडवी आली म्हणून उभी राहिली आणि मागच्या गाडीला रस्ता मोकळा दिला गेला. गैसलला दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या आणि दोन्ही ड्रायव्हरांना शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तर फळ्यावर रूळ काढायचे, फुल्या मारायचे आणि विचारायचे, इथे काय असतं तर माणसं वाचली असती? एकदा त्यांनी एक वळण काढलं. पुढे सिग्नल, त्यापुढे उभी मालगाडी. नावगाव न घेता म्हणाले, "इथे ड्रायव्हर नशेत असल्याचा संशय होता." मी पुढच्याच बाकावर बसलो होतो. ते वळण माझं होतं. वहीत मी ते उतरवूनही घेतलं.

ते असं. आमची मालगाडी होती. ड्रायव्हर इनाससाहेब, वसईचे, आणि मी त्यांचा सहायक. तेव्हाच्या डिझेल इंजिनाची लांब पेटी पुढे असली की एका बाजूच्या वळणावर ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नसे. सिग्नल सहायकाच्या खिडकीतूनच दिसायचा. त्याने पाहायचं, हात लांब करून हाक द्यायची, आणि ड्रायव्हरने तीच हाक परत म्हणायची. मी म्हणालो हिरवा, की ते म्हणणार हिरवा. तेवढ्या शब्दावर सगळी गाडी वळणातून जायची. त्या जागी आम्हाला महिनोन् महिने हिरवाच मिळत होता. त्या पहाटे मी खाली वाकलेलो होतो आणि वाकल्या वाकल्याच हाक दिली, "हिरवा." त्यांनी म्हटलं, "हिरवा." वळण संपलं तेव्हा समोर लाल दिवा होता आणि त्याच्या पलीकडे उभ्या गाडीचा शेवटचा डबा. त्या डब्यातला गार्ड गेला. इनाससाहेबांच्या डोक्याला मार लागला. मला खरचटलं.

नाताळ होऊन आठवडा झाला होता. इनाससाहेब ख्रिश्चन, वसईचे. लोकांना एवढं पुरलं. ते बेशुद्ध होते, त्यामुळे दारूची तपासणी वेळेवर झालीच नाही आणि माझ्या शब्दाला नको तेवढी किंमत आली. चौकशीत विचारलं, हाक आधी कुणी दिली? मी म्हणालो, ड्रायव्हरसाहेबांनी, माझी वाट न पाहता, मी परत म्हटली. मग विचारलं, त्यांच्या तोंडाला वास येत होता का? येत नव्हता. मी म्हणालो, "सांगता येणार नाही."

इनाससाहेब एवढंच बोलले, "गाडी माझ्या हातात होती." त्यांची नोकरी गेली. माझी राहिली. तेव्हा घरात तान्हं मूल होतं. ते मूल आता माझ्या चहात साखर कमी करून आणायला आत गेलं होतं.

वटार

दुसऱ्या दिवशी मी रिक्षावाल्याला वटार सांगितलं. ही माझी चूक, आणि निव्वळ विसराळूपणाची होती असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. इनाससाहेबांचं घर सांडोरला, वटार हे त्यांच्या बायकोचं माहेर. वटारची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, त्या आम्हाला पाठवायच्या, म्हणून ते नाव जिभेवर आलं असेल. किंवा एक दिवस लांबणीवर टाकायचा असेल.

विरारच्या पश्चिमेला आलं की इमारती संपतात आणि वाड्या सुरू होतात. आमच्याकडे केळी म्हणजे नजर पोहोचेल तिथपर्यंत केळीच, आणि माल भरायला रेल्वेचे डबे. इथे घरामागे चार केळी, दोन नारळी, विहिरीकडेला अळू, कुंपणाला जास्वंद. शेत म्हणावं तर अंगण, आणि अंगण म्हणावं तर शेत. एका अंगणात कारवीच्या काड्यांच्या मांडवावर सोललेली राजेळी केळी वाळत होती, तांबूस, सुरकुतलेली. वास ओळखीचा. तिथेच थांबलो.

एक बाई केळी उलटत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. मी इनास ड्रायव्हरांचं नाव घेतलं, त्यांच्या सासरवाडीचं विचारलं.

"कोन, फिलूचा नवरा? तो सांडोरला. तुम्ही उलटे आलात बाबा. बसा, पानी घ्या."

पाणी दिलं. मग जरा खाली आवाजात म्हणाल्या, "तुम्ही रेल्वेतले का?"

"हो."

"मग तुम्हाला म्हाईत असेल. दारू पिऊन गाडी ठोकलेली ना त्याने?"

त्या बाईंना काही वाईट म्हणायचं नव्हतं. गावात एखाद्याला लंगडा म्हणून ओळखतात, तसं त्यांनी ते विचारलं होतं. मी तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला नाही. पाणी संपलं तरी तसाच धरून होतो.

"फिलूने लय सोसलं," त्या म्हणाल्या. "टोपली घेऊन बाजारात बसायची. गेली बिचारी, मागल्या पावसाळ्याच्या आधी."

खोटं कशाला लिहू? ऐकून मला किंचित हायसं वाटलं. आता एकाच माणसासमोर बोलायचं होतं.

निघताना त्यांनी सुकेळ्यांची पुडी पुढे केली, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेली, केळीच्याच सोपाच्या दोरीने बांधलेली. मी म्हणालो, मला साखरेचा आजार आहे.

"मग नातवाला न्या."

पुडी घ्यावी लागली. परतीच्या वाटेवर रिक्षात ती मी मांडीवर न ठेवता शेजारी ठेवली. रिक्षावाला भय्या म्हणाला, "अंकल, गिर जाएगा." पडली नाही.

सांडोर

सांडोरला घर सापडायला वेळ लागला नाही. इनास ड्रायव्हर म्हटल्यावर शाळेजवळच्या दुकानदाराने हात केला. रेल्वे सोडून एवढी वर्षं झाली, गावाने हुद्दा काढून घेतला नव्हता.

ते पुढच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. अंगाने अर्धे झालेले. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आहेत हे त्यांच्या सुनेने, सिसिलियाने, मला फाटकातच सांगितलं. मी पायऱ्या चढलो आणि घसा साफ केला.

"भास्कर," ते म्हणाले.

"कसं ओळखलंत, उस्ताद?"

"बोलायच्या आधी खाकरतोस. इंजिनातपण तसंच. बस."

माझं वाक्य तयार होतं. वर्षानुवर्षं तयार होतं. पण त्यांनी मुलांचं विचारलं, भुसावळच्या यार्डाचं विचारलं, कोण कोण गेले ते विचारलं. गेलेल्यांची नावं सांगता सांगता जेवायची वेळ झाली. सिसिलिया सासऱ्यांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, ती मला अर्धीमुर्धी कळायची, आणि माझ्याकडे वळली की पुस्तकासारखं मराठी. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण होतं. आमची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दाताखाली येते. ही तोंडात गेल्यावर चावायचं काही उरत नाही. बोंबील मऊ असतात असं ऐकलं होतं म्हणून बेसावध राहिलो. "उस्ताद, मला एक सांगायचंय," असं म्हणालो आणि काटा घशात गेला.

"कोरडी भाकरी गिळा, न चावता," सिसिलिया म्हणाली. "देशावरच्या माणसांचं असंच होतं. खाताना बोलतात."

"आम्ही खानदेशातले," मी कसाबसा म्हणालो.

"काट्याला काय फरक पडतोय?" इनाससाहेब म्हणाले, आणि खूप हसले. मीही हसलो. त्या हसण्यात वाक्य पुन्हा खाली गेलं.

जेवण झाल्यावर सिसिलिया भांडी घेऊन आत गेली. तेव्हा तेच बोलले.

"माफी मागायला आलायस ना?"

त्यांनी काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"हाकेचं मी अंगावर घेतलं होतं. तुझी पोरगी लहान होती. आणि सहायकाने काहीही सांगितलं तरी गाडी ड्रायव्हरचीच असते, मला तसंच शिकवलेलं. पण दारूचं नव्हतं घेतलं मी. मला वाटलं, ते विचारतील तेव्हा तू नाही म्हणशील. एवढं तरी म्हणशील."

"उस्ताद..."

"मला काय सांगतोस? मी प्यायलो नव्हतो हे मला ठाऊक आहे ना. मला तुझी माफी कशाला? फिलूला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही सांगितलं असेल त्यांना."

"सांगितलं की. नवऱ्याने सांगितलेलं कोण धरतं? ती एकच विचारायची, मग भास्कर का नाही बोलला? तिच्या हातचं खाल्लेला पोरगा खोटं कसं बोलेल, हे तिला समजायचं नाही. लग्नात ग्लास फिरायला लागले की माझ्या ग्लासावर हात ठेवायची. सगळ्यांसमोर. नंतर लोकांनीच मला ग्लास द्यायचं बंद केलं." मग म्हणाले, "तू येशील म्हणायची. भास्कर येईल तेव्हा त्यालाच विचारीन. नाताळ आला की म्हणायची."

आदल्या दिवशी वटारच्या अंगणात मला हायसं वाटलं होतं, ते आठवलं.

ते उठले. "चल. जवळच आहे. मला रोज कोण नेतं? आज तू ने."

दफनभूमी चर्चच्या मागे होती. वाटेत एक रस्ता ओलांडायचा होता. त्यावरून टेम्पो, दुचाक्या, वाळूचे ट्रक. कडेला ते थांबले. माझा हात त्यांनी धरला नव्हता, फक्त माझ्या बाजूला कान केला होता.

"सांग. मला दिसत नाही."

मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. "मोकळा."

"मोकळा," ते म्हणाले आणि त्याच क्षणी त्यांनी पाऊल टाकलं. जराही न थांबता. मी त्यांच्या मागे धावलो.

फिलूवहिनींची जागा भिंतीकडेला होती. साधा दगड, काळा क्रूस, झेंडूचा सुकलेला हार. दोन बायका पलीकडे कुणाच्या तरी थडग्यावरचा पाचोळा झाडत होत्या. चर्चच्या दाराशी घेतलेली मेणबत्ती मी खिशातून काढली. वाऱ्याने ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा लावली. पिशवीत वटारची पुडी होती. तीही दगडावर ठेवली.

"सुकेळी?" त्यांना वासाने कळलं.

"हो."

"तिच्या माहेरची." ते काठी टेकत दहा-बारा पावलं दूर गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. ज्याला दिसत नाही त्याने पाठ केली, मला एकट्याने बोलता यावं म्हणून. "सांग तिला," ते म्हणाले. "घाई नाही."

मी दगडावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. तोंड उघडलं. पलीकडच्या झाडूचा आवाज येत होता, तो थांबेल मग बोलू असं ठरवलं. तो थांबला. एखादी प्रार्थना म्हणावी तर मला त्यांची प्रार्थना येत नव्हती. नुसतं वाक्य म्हणावं तर त्या वाक्याच्या सुरुवातीलाच ती पुडी होती, आणि ती समोर होती. मेणबत्ती अर्धी जळाली. ते तसेच उभे होते, म्हाताऱ्या पायांवर, उन्हात.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो.

"सांगितलं," ते म्हणाले. तीच जुनी रीत, तोच सूर. उजवा हात जरासा पुढे झालेला मी पाहिला. मग चेहरा सैल झाला त्यांचा, आणि ते म्हणाले, "बरं झालं. चल, चहा घेऊ."

मी त्यांना रस्ता ओलांडून घरी आणलं. चहा घेतला. दुसऱ्या दिवशी भुसावळला परत आलो. मंदारने सांगितलेलं ते कवच एक दिवस सगळीकडे बसेल. न पाहता दिलेल्या हाकेवर मग कुठलीच गाडी जाणार नाही, ही चांगली गोष्ट आहे. मी मात्र आयुष्यात दोनदा तशी हाक दिली, आणि दोन्ही वेळा त्याच माणसाने ती खरी मानून परत म्हटली.

त्या दगडापाशी म्हणायचं होतं आणि म्हटलं नाही, ते एवढंच होतं:

फिलूवहिनी, तुम्ही पाठवलेल्या सुकेळ्यांची पुडी सोडायला मी खाली वाकलो होतो. वर पाहिलं नाही. हाक माझी होती. ते प्यायले नव्हते, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला माफ करा.